नालछ्याचा पंडित आणि नावांची शिस्त

धारहून मांडवगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नालछा नावाचे गाव लागते. मांडवगडाचे महाल पाहण्याच्या ओढीने प्रवासी तेथे फारसा थांबत नाही. तथापि तेराव्या शतकात हेच गाव नलकच्छपूर म्हणून प्रसिद्ध होते आणि आशाधर नावाचा जैन पंडित तेथील नेमिनाथाच्या मंदिरात ग्रंथरचना करीत असे. वस्तूला नाव कसे द्यावे, कोणासाठी द्यावे आणि दिलेले नाव किती काळ पाळावे, याचा विचार आज संगणकाच्या क्षेत्रात मोठ्या कसोशीने चालतो. त्याच विचाराचा एक जुना धडा या परिसराने घालून ठेवला आहे.

आशाधर मूळचा सपादलक्ष देशातील मांडलगडचा. शहाबुद्दीन घोरीच्या आक्रमणानंतर तो मुलूख सोडून तो धारानगरीस आला आणि पुढे नलकच्छपुरी स्थायिक झाला. परागंदा झालेल्या माणसाला आपली ओळख नीट सांगावी लागते. आशाधराने ती ग्रंथांच्या अखेरीस सांगितली आहे. पिता सल्लक्षण, माता श्रीरत्नी, कुळ बघेरवाल, पत्नी सरस्वती, पुत्र छाहड. ‘अनगारधर्मामृता’वरील त्याची टीका विक्रम संवत 1300 मध्ये, म्हणजे इ. स. 1243 च्या सुमारास पुरी झाली. तेथेही राजा कोण, नगर कोणते, मंदिर कोणते, संवत्सर कोणते, हे त्याने नोंदून ठेवले. त्याच्या ‘जिनसहस्रनामा’त तर नावांचे दहा शतकगट पाडलेले असून प्रत्येक गटाला स्वतंत्र शीर्षक आहे.

आशाधराकडे काव्याचे अध्ययन केलेला मदन हा परमार राजा अर्जुनवर्मा याचा राजगुरू झाला. त्याचे ‘पारिजातमंजरी’ हे शिलांकित नाटक 1903 साली धार येथे उजेडात आले. त्या कार्यात धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांचा मोठा वाटा होता. परंतु मदनाची लेखणी केवळ नाटकापुरती नव्हती. परमारांच्या दानपत्रांचा मजकूरही त्यानेच रचला. राजा देवपाल याच्या इ. स. 1225 मधील मांधाता ताम्रपटात दान दिलेल्या गावाचे नुसते नाव येत नाही. महुअड नावाच्या प्रतिजागरणकातील, म्हणजे पुढच्या काळातील परगण्यासारख्या विभागातील, सताजुणा हे गाव, असा त्याचा पत्ता येतो. दान घेणाऱ्यांचाही उल्लेख नुसत्या नावाने होत नाही. मूळ गाव, गोत्र, प्रवर आणि वेदशाखा यांसह होतो.

इतका खटाटोप कशासाठी? एकाच नावाची गावे अनेक असतात आणि एकाच नावाची माणसेही अनेक असतात. ताम्रपट वाचणारा अधिकारी कदाचित अजून जन्मालाही आलेला नसतो. त्याला गाव निःसंशय ओळखता आले नाही, तर दान घेणाऱ्याच्या नातवाची जमीन जाते. नाव हे बोलावण्यासाठी असते. पत्ता हा हक्क टिकवण्यासाठी असतो.

आता आजच्या यंत्राकडे वळावे. संगणकाच्या एकेका पाटीवर निरनिराळी उपकरणे बसवलेली असतात, आणि ती चालवणाऱ्या प्रणालीला त्यांतील कित्येक आपोआप ओळखता येत नाहीत. म्हणून त्यांचे वर्णन एका फाईलमध्ये लिहून देतात. तिला ‘डिव्हाइस ट्री’, म्हणजे उपकरणांचा वृक्ष, असे म्हणतात. तिचे मूळ ‘ओपन फर्मवेअर’ या 1994 सालच्या प्रमाणात आहे. पुढे एआरएम जातीच्या पाट्या अतोनात वाढल्या आणि प्रत्येकीसाठी लिनक्समध्ये वेगळी संहिता साठू लागली. 2011 साली लिनस टोर्वाल्ड्स यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर हा वृक्ष तेथे सर्रास वापरात आला. त्याचे स्वतंत्र प्रमाण 2016 साली प्रसिद्ध झाले.

या वृक्षातील नावांचे नियम ताम्रपटाची आठवण करून देतात. उपकरणाचे नाव एकतीस अक्षरांच्या आत असावे आणि ते जातिवाचक असावे: ‘इथरनेट’, ‘सीरिअल’. त्यापुढे ‘ॲट’चे चिन्ह देऊन त्या उपकरणाचा पत्ता लिहावा. शाखेतून उपशाखेत उतरत गेले की ठिकाण निश्चित होते. नेमकी ओळख मात्र वेगळ्या ओळीत असते. तेथे आधी उत्पादकाचे संक्षिप्त नाव, मग स्वल्पविराम, मग नमुना. एकाहून अधिक ओळखी द्यायच्या असल्यास विशिष्ट नाव प्रथम आणि व्यापक नाव नंतर येते. विशिष्ट नावाचा ड्रायव्हर सापडला नाही, तर व्यापक नावाचा ड्रायव्हर काम भागवतो. गोत्र माहीत नसले तरी गाव ओळखून पाहुण्याला आसरा द्यावा, तसेच हे आहे.

सर्वांत कठोर नियम मात्र स्थैर्याचा आहे. फ्रीस्केल ही चिपा बनवणारी कंपनी 2015 साली एनएक्सपीमध्ये विलीन झाली. तरी तिच्या जुन्या चिपांच्या नावांपुढील ‘एफएसएल’ हा उपसर्ग पुसण्यात आला नाही. त्या नावावर विसंबलेली यंत्रे कारखान्यांत आणि घरांत चालू आहेत. मालक बदलला म्हणून नोंद बदलली, तर नवी प्रणाली बसवताच ती यंत्रे मुकी होतील.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नलकच्छपूर लोकांच्या जिभेवर झिजत झिजत नालछा झाले, तरी ते हरवले नाही. कारण गावात विचारायला म्हातारी माणसे होती, आणि पुढे संशोधकांना आशाधराच्या नोंदी होत्या. यंत्राला विचारायला कोणी नसते. एक अक्षर चुकले तर ते अदमास बांधत नाही, ते थांबते. म्हणून माणसांच्या व्यवहारात जी दक्षता शहाणपण ठरली, ती यंत्रांच्या व्यवहारात निकडीची ठरली आहे. नाव देणाऱ्याने आज समोर असलेल्या परिचिताचा नव्हे, तर उद्या येणाऱ्या अनोळखी वाचकाचा विचार करावा, हे नालछ्याच्या पंडिताने आपल्या नोंदींतून दाखवून दिले आहे.