अंगावर पिणाऱ्या बाळाचा इसब आणि त्याच्या कारणाचा शोध : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

रोगाचे वर्णन आणि रोगाचे कारण यांच्यात वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळदा मोठे अंतर राहिलेले दिसते. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला होणारा इसब हे त्याचे बोलके उदाहरण होय. गालांवर, कपाळावर, हातापायांवर लालसर, खाजरे, कधी पाझरणारे चट्टे उठतात. बाळाची व घराची झोप उडते. बाळाच्या पोटात दुधाखेरीज काहीच जात नसल्याने संशय प्रथम दुधावर येतो आणि दुधावरून आईच्या ताटावर जातो. हा तर्क सरळ आहे, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्यही या सरळपणातच आहे. या तर्काचा उगम, त्याला लाभलेला प्रायोगिक आधार आणि त्याच्या मर्यादा यांचा कालक्रमाने आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. प्रश्न केवळ कारणमीमांसेचा नाही. या संशयाची किंमत बाळंतिणीला आपल्या आहारातून मोजावी लागली आहे.

प्राचीन वैद्यकातील विचार

सुश्रुतसंहितेने बालकांचे आहारानुसार क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे तीन वर्ग केले. दुधावरील बाळाच्या आजारात धात्रीलाही औषध द्यावे, अशी त्या ग्रंथाची भूमिका आहे. दूध पाण्यात टाकून त्याची शुद्धता पारखण्याची रीतही तेथे सांगितली आहे. चरकसंहितेत स्तन्यदोषांचे प्रकार व त्यांची चिकित्सा येते. आई किंवा धात्री आणि बाळ हे चिकित्सेच्या दृष्टीने जणू एकच शरीर मानले गेले होते.

बालरोगांना वाहिलेली काश्यपसंहिता नेपाळमधील खंडित हस्तलिखितावरून १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. तिच्या खिलस्थानात ‘चर्मदल’ या त्वचारोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. हा रोग दुधावरील बालकांना होतो, असे सांगताना ग्रंथकार स्तन्यदोषापाशी थांबत नाही. बालकाची सुकुमार त्वचा, वस्त्राचे वेष्टन, उष्णता, घाम, मलमूत्राचा स्पर्श, हाताचे घर्षण अशी बाह्य कारणेही तो नोंदवतो. चर्मदल म्हणजेच आजचा इसब, असे समीकरण मांडणे इतिहासदृष्ट्या धाडसाचे ठरेल. तथापि दूध आणि त्वचा या दोन्ही दिशांना कारण शोधण्याची वृत्ती येथे दिसते, हे लक्षणीय आहे.

युरोपातही धात्रीच्या दुधाची परीक्षा करण्याची परंपरा होती. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य सोरेनस याने दुधाचा थेंब नखावर ठेवून पारखण्याची रीत सांगितली आहे. पुढे तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरील इसबाला लॅटिनमध्ये ‘क्रस्टा लॅक्टिया’ व जर्मन भाषेत ‘मिल्खशोर्फ’, म्हणजे दुधाची खपली, असे म्हटले जाऊ लागले. करपलेल्या दुधाशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले असे मानले जाते. म्हणजे नाव दिसण्यावरून आले, पण त्या नावाने दूध आणि रोग यांची जोडी भाषेत पक्की केली.

‘ॲलर्जी’ची संकल्पना आणि प्रयोगशाळेचा पुरावा

विसाव्या शतकाच्या आरंभी या जुन्या संशयाला नवी परिभाषा मिळाली. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये ‘ॲनाफिलॅक्सिस’चे वर्णन केले. १९०६ मध्ये व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के याने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस याने अंडे, बदाम व ओट यांची बाधा होणाऱ्या एका मुलाचा अभ्यास त्वचा-चाचणीच्या साहाय्याने प्रसिद्ध केला. अन्न आणि त्वचा यांचा संबंध आता मोजता येईल, असा विश्वास निर्माण झाला.

तरीही एक अडचण होती. आईने खाल्लेले अंडे पचून जाते. मग त्याचे प्रथिन दुधात मूळ रूपात कसे पोहोचेल? अमेरिकेतील मिनेसोटाच्या डब्ल्यू. रे शॅनन याने १९२१ मध्ये या प्रश्नाला हात घातला. ज्या प्रथिनाची प्राण्याच्या शरीराला एकदा ओळख झाली, त्याचा पुन्हा प्रवेश होताच तीव्र प्रतिक्रिया उमटते. या तत्त्वाचा आधार घेऊन त्याने गिनीपिगांवर प्रयोग केले आणि अन्नातील प्रथिने आईच्या दुधात उतरतात असे दाखवले. त्या काळच्या रासायनिक पद्धतींना न सापडणारा अंश जिवंत प्राण्याच्या शरीराने ओळखला. १९२२ मध्ये त्याने आईच्या आहारातील पदार्थांमुळे अंगावर पिणाऱ्या बाळांना होणाऱ्या इसबावर स्वतंत्र लेख लिहिला.

शॅननचा मूळ निष्कर्ष पुढील संशोधनाने खोटा ठरवला नाही. १९८० च्या दशकात अधिक सूक्ष्म पद्धतींनी आईच्या दुधात गाईच्या दुधाचे व अंड्याचे प्रथिन आढळले. मात्र हे प्रमाण नॅनोग्रॅमचे, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाचे होते, आणि ते प्रत्येक स्त्रीच्या दुधात सापडत नव्हते. दुधात प्रथिन असणे ही एक गोष्ट आणि समोरच्या बाळाचा इसब त्याच प्रथिनामुळे असणे ही दुसरी गोष्ट. या दोहोंतील अंतर व्यवहारात फारसे पाळले गेले नाही.

आकडेवारी आणि नियंत्रित चाचण्या

१९३६ मध्ये ग्रुली आणि सॅनफर्ड यांनी शिकागोतील २०,०६१ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाईच्या दुधावर वाढलेल्या बालकांत इसबाचे प्रमाण आईच्या दुधावरील बालकांच्या सुमारे सातपट आढळले. आईचे दूध हे इसबाचे कारण नसून त्यापासूनचे संरक्षण आहे, असे मत यातून बळावले. पुढील अभ्यासांतून मात्र इतका ठळक फरक सातत्याने दिसून आला नाही. एकाच अर्धशतकात आईचे दूध आधी आरोपी आणि मग रक्षक ठरले, ही या इतिहासातील उद्बोधक विसंगती होय.

आईच्या आहाराची खरी परीक्षा नियंत्रित चाचणीनेच शक्य होती. कँट आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ३७ बाळांवरील अभ्यास मांडला. आईने गाईचे दूध, अंडी इत्यादी वर्ज्य केल्यावर काही बाळांचा इसब कमी झाला; बहुसंख्य बाळांत तसा स्पष्ट लाभ दिसला नाही. २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेत इसब झालेल्या बाळांच्या मातांविषयी केवळ १७ मातांची एकच योग्य चाचणी हाती लागली, आणि तीतील फरकही संख्याशास्त्रीय कसोटीवर सिद्ध होत नव्हता.

दरम्यान सल्ला पुराव्याच्या पुढे धावला होता. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० मध्ये ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या बाळांच्या स्तनदा मातांना शेंगदाणे व कठीण कवचाची फळे टाळण्यास सुचवले. पुरेशा आधाराअभावी २००८ मध्ये ही भूमिका बदलावी लागली.

दुधाकडून त्वचेकडे

२००३ मध्ये गिडियन लॅक व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील बालकांच्या अभ्यासातून वेगळी दिशा सुचवली. शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा संबंध गर्भवतीच्या आहाराशी नव्हे, तर सुजलेल्या त्वचेवर लावलेल्या शेंगदाणा-तेलयुक्त मलमांशी आढळला. २००६ मध्ये डंडी येथील आयर्विन मॅक्लीन यांच्या गटाने ‘फिलॅग्रिन’ या त्वचेतील प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचे नाते सिद्ध केले. त्वचेचा तट मुळातच कच्चा असेल, तर ओलावा निघून जातो, बाह्य घटक आत शिरतात आणि अन्नाची ॲलर्जी इसबाचे कारण नसून कधी कधी त्याचा परिणामही असू शकते. कार्यकारणाची साखळीच येथे उलटी झाली.

अर्थात त्वचा हेही अंतिम उत्तर नव्हे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील १,३९४ बाळांच्या चाचणीत जन्मानंतर वर्षभर रोज स्निग्ध मलम लावूनही इसबाला प्रतिबंध झाला नाही. आनुवंशिकता, त्वचा, प्रतिकारयंत्रणा आणि परिसर यांच्या परस्परक्रियेतून हा रोग उद्भवतो, हेच आजचे मान्य मत आहे.

निष्कर्ष

महाराष्ट्रातील घरांत बाळाच्या अंगावर पुरळ उठताच “बाळंतिणीने काय खाल्ले?” हा प्रश्न आजही प्रथम विचारला जातो. आधी आंबट, मग डाळ, मग दूध, असे एकेक करून ताट रिकामे होत जाते. पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमाण सांगते. नेमक्या याच काळात पुराव्याविना लादलेले पथ्य आईला दुर्बल करते, आणि इसब न हटल्यास अपराधाची भावना व अकाली दूध तोडणे हे आणखी दोन अपाय संभवतात.

शॅननपासून कँटपर्यंतच्या इतिहासाने एक साधी कसोटी दिली आहे. इसब वर-खाली होणे हा या रोगाचा स्वभावच असल्याने, पदार्थ सोडल्यावर बरे वाटले एवढ्याने तो पदार्थ दोषी ठरत नाही. वैद्यकीय देखरेखीखाली तो ठरावीक काळ वर्ज्य करून, सुधारणा झाल्यास पुन्हा सुरू करून पाहावा; इसब पुन्हा उसळला तरच संशयाला आधार मिळतो. काही बाळांत असा आधार खरोखर मिळतो, म्हणून आहाराचा विचार टाकाऊ नाही. पण तो त्वचेच्या नियमित उपचारानंतर यावा, त्याच्या जागी नव्हे. काश्यपसंहितेने दूध आणि त्वचा यांची एकत्र नोंद केली होती. नंतरच्या काळाने त्यांतील एकच बाजू दीर्घकाळ धरून ठेवली, आणि तिचा भार प्रामुख्याने आईने वाहिला.