तळटीप : ‘घर ट्रस्टमध्ये टाकले’

१२. ‘घर ट्रस्टमध्ये टाकले, आता दिवाळे निघाले तरी घोर नाही’ : लेखकाचा हा समज अर्धाच खरा आहे. दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली मालमत्ता विश्वस्ताच्या दिवाळखोरीत जात नाही. पण येथे कर्जदार, ट्रस्ट करणारा आणि लाभार्थी एकच गृहस्थ! व्यक्तीच्या नादारीला आदिलाबादेत अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो (२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच सुरू झाला आहे). त्याच्या कलम ५३ प्रमाणे, फुकट केलेल्या हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज पडला आणि माणूस नादार ठरला, तर न्यायालय ते हस्तांतर मोडू शकते. दोन वर्षे उलटली म्हणूनही सुटका नाही. सावकारांना हुलकावणी द्यायचा हेतू दिसला की मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ आड येते. आकडा दोन्हीकडे तोच, वकिलांची तेवढीच सोय. ‘लाभार्थी नादार झाल्यास त्याचा हक्क संपेल’ ही दस्तातली हुशारीही चालत नाही : मालमत्ता हस्तांतरण कायद्याचेच कलम १२ अशी अट निरर्थक ठरवते.

राहिली त्याच ट्रस्टमध्ये टाकलेली उटनूरकडची जमीन. त्या एजन्सी (अनुसूचित) भागात जमीन हस्तांतरणाविषयीचा १९५९ चा विनियम १ (१९७० मध्ये कडक केलेला) मृत्युपत्राखेरीज कोणत्याही व्यवहाराने बिगर-आदिवासीच्या नावे जमीन जाऊ देत नाही. लेखकाचे विश्वस्त सगळे घरचेच, म्हणजे बिगर-आदिवासी. तेव्हा तेवढ्या जमिनीपुरता दस्त मुळातच रद्दबातल.