डाय आणि मूत्रपिंड : एका भीतीचा इतिहास

सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून जे औषध सोडतात, त्याला आपण सरसकट 'डाय' म्हणतो. वास्तविक तो रंग नव्हेच. पाण्यासारखे स्वच्छ असे आयोडीनयुक्त द्रावण ते. परंतु घरातील वडील माणसाचा स्कॅन ठरला आणि क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढा निघाला, की मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. ही भीती आली कोठून, हे श्रोत्यांपुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

राँटगेनने क्ष-किरण शोधले ते 1895 मध्ये. 1896 च्या जानेवारीतच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल ह्यांनी एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना आणि पाऱ्याचे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. जिवंत माणसाला ते कोण देणार? वाट सापडली ती अवचित. त्या काळी उपदंशावर सोडियम आयोडाइड देत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांना अशा रोग्यांचे मूत्राशय क्ष-किरणांत स्पष्ट दिसले, आणि 1923 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. म्हणजे मूत्रपिंडे हे द्रव्य गाळून बाहेर टाकतात, ह्याच गुणावर ही विद्या उभी राहिली. पुढे त्याच मूत्रपिंडांवर आळ यावा, हा योगायोग मोठा चमत्कारिक खरा.

1954 मध्ये बार्टेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मायलोमाच्या रोग्याची हकीकत छापली. तपासणीसाठी द्रावण दिल्यावर त्याची लघवीच बंद झाली होती. त्या वेळची द्रावणे रक्ताच्या पाच-सातपट तीव्र असत. शिरेत जाताच आग होई. ही वेदना पाहून स्वीडनच्या टोर्स्टेन आल्मेन ह्यांनी सौम्य द्रावणाची कल्पना 1969 मध्ये मांडली. 1971 मध्ये लंडनजवळ हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रोग्याचा मेंदू पाहिला, आणि पुढे डायचा वापर खूप वाढला. त्याबरोबर भीतीही वाढली.

मग उपाय निघाले. 1994 मध्ये सॉलोमन ह्यांनी 78 रोग्यांवर प्रयोग केला. लघवी वाढवणारी औषधे दिली तर मूत्रपिंड धुऊन निघेल, असा लोकांचा होरा होता. घडले उलटे! नुसते सलाईन दिलेल्यांत 11 टक्क्यांना त्रास झाला. सलाईनबरोबर फ्युरोसेमाइड दिलेल्यांत 40 टक्क्यांना. 2000 साली टेपेल ह्यांनी 83 रोग्यांना स्कॅनपूर्वी ॲसिटिलसिस्टीन किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. त्रास झाला तो 2 टक्के विरुद्ध 21 टक्के. औषध स्वस्त, निरुपद्रवी; जगभर ते सुरू झाले. अठरा वर्षांनी, 2018 मध्ये, सुमारे 5,000 रोग्यांच्या अँजिओग्राफीच्या चाचणीत त्याचा काडीचाही उपयोग दिसला नाही. लहान चाचणीवर एवढा भरवसा टाकायला नको होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण त्याहून मूळचा प्रश्न कोणी फारसा विचारलाच नव्हता : डाय न देता काय होते? 2008 मध्ये न्यूहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाय न मिळालेल्या 32,161 रोग्यांचे आकडे तपासले. पाच दिवसांत निम्म्याहून अधिक जणांचे क्रिएटिनिन किमान 25 टक्क्यांनी वर-खाली झाले होते. इस्पितळात पडलेला माणूस आधीच ताप, जंतुसंसर्ग, रक्तदाब ह्यांनी खचलेला. खापर मात्र डायच्या माथी!

2017 मध्ये नेदरलँड्समधील मास्त्रिख्तला मध्यम कमजोर मूत्रपिंडांच्या 660 जणांवर चाचणी झाली. सलाईन दिलेल्यांत 2.7 टक्के, न दिलेल्यांत 2.6 टक्के, असा निकाल लागला. उलट सलाईन दिलेल्या 328 जणांपैकी 18 जणांना त्या पाण्याचाच उपद्रव झाला. म्हणून 2020 मध्ये अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ ह्यांच्या संस्थांनी एकत्र बसून सलाईनची शिफारस ठेवली ती मुख्यतः दोघांसाठी : ज्यांची गाळण्याची क्षमता 30 च्या खाली आहे आणि ज्यांच्या मूत्रपिंडांना नुकतीच इजा झाली आहे. अशांनाही निकडीचा स्कॅन नाकारू नये, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.