जुन्या नौकेचे विटलेले पट्टे बदलताना...

फायबरग्लासच्या नौकेची निगा राखली, तर तिचा सांगाडा तीस-चाळीस वर्षे सहज टिकतो. तिच्या अंगावर चिकटवलेले व्हिनाइलचे पट्टे, नाव आणि चिन्हे मात्र तितकी तग धरत नाहीत. लाल रंग गुलाबी होतो, निळा पांढुरका पडतो, कडा सोलवटतात आणि यंत्र उत्तम चालत असूनही नौका थकलेली दिसू लागते. पट्टे बदलण्याचे काम संयमी माणसाला घरच्या घरी जमण्याजोगे आहे. घाईने केल्यास मात्र नौकेचे कायमचे नुकसान होऊ शकते.

पट्टे का विटतात?

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण व्हिनाइलमधील रंगद्रव्याचे विघटन करतात. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आणि खारे वारे त्यात भर घालतात. फायबरग्लासवर 'जेलकोट' नावाचा चकचकीत रंगीत थर असतो. त्यावरही हाच परिणाम होतो आणि बोट फिरवल्यास पांढरी भुकटी हाताला लागते. हा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. त्यामुळे पट्टा लोखंडी पात्याने खरवडणे किंवा जाड पॉलिशपेपरने घासणे टाळलेच पाहिजे. एकदा गेलेला जेलकोट घासूनपुसून परत येत नाही.

आधी मोजमाप, मग काढणी

जुना पट्टा काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पट्ट्यांची रुंदी, काठापासूनचे अंतर आणि अक्षरांची उंची टिपून ठेवावी. वक्र भागांवर पातळ कागद ठेवून आकार उतरवून घ्यावा. एकदा पट्टा निघाला, की या खुणा नंतर सापडत नाहीत.

काढताना हेअर ड्रायरची किंवा हीट गनची ऊब द्यावी. डिंक मऊ पडला, की प्लास्टिकच्या पट्टीने कोपरा उचलून पट्टा हळूहळू, शक्यतो पृष्ठभागालगत मागे दुमडत ओढावा. हीट गन एका जागी धरू नये; जेलकोट भाजतो. उरलेला डिंक मिनरल टर्पेंटाइनने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडे वापरून पाहावे. हवा खेळती असावी आणि जवळपास ठिणगी वा ज्योत असता कामा नये.

जुन्या पट्ट्याची छाप

पट्टा निघाल्यावर त्याची आकृती जेलकोटवर तशीच दिसते. झाकलेल्या भागाला ऊन न लागल्याने तिथला मूळ रंग टिकलेला असतो, तर आजूबाजूचा भाग विटलेला असतो. रबिंग कंपाऊंडने भोवतालचा भाग उजळल्यास हा फरक बराच कमी होतो, पण क्वचितच पूर्ण नाहीसा होतो. त्यामुळे नवा पट्टा जुन्याइतका किंवा किंचित रुंद घेणे शहाणपणाचे. मेण लावायचे असल्यास ते शेवटी, आधी लावल्यास पट्टा धरत नाही.

व्हिनाइल कोणते?

बाजारात ज्याला सरसकट 'रेडियम' म्हणतात, त्यात दोन मुख्य प्रकार असतात. लाटून तयार केलेले कॅलेंडर्ड व्हिनाइल स्वस्त असते. पण कालांतराने आक्रसते आणि कडा उघड्या पडतात. द्रवरूपात ओतून बनवलेले कास्ट व्हिनाइल पातळ, महाग आणि टिकाऊ असते व वक्र पृष्ठभागावर नीट बसते. नौकेसाठी कास्टच घ्यावे. कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागावर मात्र व्हिनाइल लावू नये. पाणरेषेवरचा पट्टा रंगवून घेणे बरे.

चिकटवण्याची पद्धत

ऊन चढण्यापूर्वी, सावलीत आणि वारा नसताना काम करावे. मास्किंग टेपने सरळ रेषा आखून पट्टा तात्पुरता लावावा आणि चार पावले मागे जाऊन पाहावा. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून ते पृष्ठभागावर फवारल्यास पट्टा सरकवून जागेवर आणता येतो. मग रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी व हवा बाहेर काढावी. पट्टा ताणू नये. ताणलेला पट्टा पुढे आक्रसतो. राहिलेला फुगा टाचणीने टोचून दाबावा. वरचा कागद डिंक धरल्यावरच काढावा आणि नौका पाण्यात सोडण्यापूर्वी एक-दोन दिवस थांबावे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पण पावसाळी दमट हवा या कामाला मारक ठरते. त्यामुळे पट्टे एप्रिल-मेमध्ये किंवा कोरड्या शेडमध्ये बदलावेत.

क्रमांकाशी खेळ नको

पट्टे हौसेचे; नोंदणी क्रमांक मात्र कायद्याचा विषय आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी 'कुबेर' या मच्छीमार नौकेचे अपहरण करून आले होते. त्यानंतर किनारी राज्यांत नौकांची नोंदणी आणि त्यांची ओळख पटण्यावर अधिक भर दिला गेला. म्हणून नवी रचना करताना क्रमांक झाकला जाणार नाही, त्याचा रंग पार्श्वभूमीत मिसळणार नाही आणि अक्षरे नोंदणी प्रमाणपत्राशी जुळतील, याची खात्री करावी. समुद्रात अडचणीत सापडलेल्या नौकेची ओळख दुरून पटवताना हीच अक्षरे कामी येतात.