मोगलाईतली मैत्रीण

माझ्या लहानपणी आमच्या धाडमध्ये ‘मोगलाई’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला होता. कुणी गाडी जुंपून निघालं की ओट्यावरची म्हातारी विचारायची, “मोगलाईत का रे?” मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. पारध, वालसावंगी, पुढे भोकरदन, हे सगळं तिकडचं. आम्ही वऱ्हाडातले, म्हणजे इंग्रजी अमलातले. मध्ये भिंत नव्हती की तार नव्हती. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. सोयरीक जुळवताना सरकार कुणाचं हे कुणी विचारत नसे, शेत किती आणि विहिरीला पाणी किती हे विचारत.

फरक कळायचा तो बाजारात. तिकडचा माणूस चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपया काढायचा आणि इकडचा दुकानदार कलदार मागायचा. सात हालीचे सहा कलदार. वडील जेवताना मला विचारत, “साडेतीन हालीचे किती?” मी ‘तीन’ म्हटलं की ताटात गुळाचा खडा पडायचा. गाडीत माल असला तर तिकडे करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे.

कागदावर मात्र आमचं वऱ्हाडही निजामाचंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने दिलं गेलं. तरी १९३६ नंतर निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. म्हणजे शिवेच्या दोन्ही अंगांची माणसं मुळात एकाच घरची, मधल्या काळात वेगळी मांडलेली. मला ते तसंच वाटत आलं आहे.

ती आली १९४८ च्या उन्हाळ्यात. मी दहा वर्षांची होते. देश स्वतंत्र झाला होता, पण हैदराबाद संस्थान भारतात यायला तयार नव्हतं आणि कासिम रझवीच्या रझाकारांची दहशत गावोगाव पसरली होती. सरहद्दीवरच्या अनेक घरांनी बायका-मुलं वऱ्हाडात नातेवाइकांकडे धाडली. आमच्या शेजारच्या घरी तशीच एक बाई, एक तान्हं पोर आणि माझ्या वयाची एक मुलगी येऊन राहिली. बाप गुरांसाठी आणि शेतासाठी मागेच थांबला होता. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ती असेल तर तिच्या नातवंडांच्या घरात असेल, आणि तिला विचारल्याशिवाय मी ते चारचौघांत मांडणार नाही.

तिकडे कारभार उर्दूत चाले, शाळेतही उर्दू शिकावी लागे. तिचा मोठा भाऊ शिकलेला होता आणि त्याच्या पाटीवरून ही थोडंफार उचललेली. एका दुपारी तिने माझी पाटी ओढून घेतली, उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, “हे तुझं नाव.” एक उंच रेघ, मग होडीसारखं वळण, खाली दोन ठिपके आणि शेवटी शेपटी. मी ते पुसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत पाढे लिहायला पाटी लागली तेव्हा पुसावंच लागलं, पण तोवर ते कोळशाने न्हाणीच्या भिंतीवर उतरवून ठेवलं होतं. पुढे वहीच्या कडेला, हिशेबाच्या कागदावर, हात मोकळा असला की तेच गिरवत राहिले.

१३ सप्टेंबरला फौजा संस्थानात शिरल्या. बुलढाण्याकडून गेलेल्या तुकडीने जालना घेतलं. १७ तारखेला, शुक्रवारी, निजाम शरण आला. दुसऱ्याच दिवशी भाद्रपदी पौर्णिमा, म्हणजे आमची भुलाबाई बसायची. मोठी माणसं ओट्यावर हैदराबादचं बोलत होती आणि आम्ही पोरी कोनाड्यात मातीची भुलाबाई, भुलोजी आणि गणोबा मांडत होतो. कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर गाणी, टिपऱ्या आणि शेवटी खाऊ. खाऊ झाकलेल्या डब्यात असतो. डबा वाजवून दाखवतात आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा. ओळखता आला नाही तर त्या घरच्या मुलीची मान उंच.

तिच्या घरची पाळी आली तेव्हा डबा खणखणीत वाजला. शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे, सगळं सांगून झालं. आम्ही हरलो. तिने झाकण काढलं तर आत भाजलेले चिंचोके. आश्रयाला आलेल्या घरात दुसरं काही नव्हतं, हे आज लिहिताना घशाशी येतं. तेव्हा एक-दोघी हसल्या. माझ्या आईने पहिला चिंचोका उचलून तोंडात टाकला आणि दाढेखाली फोडून म्हणाली, “असा खरपूस मला कधी जमला नाही.” मग सगळ्यांनी घेतले.

कोजागिरीला धांड्यांचा मखर करून त्यात भुलाबाई बसवतात आणि तेहतीस प्रकारचा खाऊ करतात. तिला ते बघायचं होतं. पण चार दिवस आधी तिचा बाप खाचर घेऊन आला. सोयाबीन तेव्हा नव्हतं, शिवारात ज्वारी उभी होती आणि तिच्या उंचीमुळे वळणावर खाचर लगेच दिसेनासं झालं.

तिचं गाव काही कोसांवर. तरी मी गेले नाही. लहान मुली स्वतःहून कुठे जातात? पाच-सहा वर्षांत माझं लग्न घाटाखाली झालं, सासरी नाव बदललं. तिचंही बदललंच असणार. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून आणि मराठवाडा हैदराबादेतून निघून दोघेही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि मोगलाईची शीव उरली नाही. १९८१ मध्ये भोकरदन नव्या जालना जिल्ह्यात गेलं. त्यानंतर एका लग्नाच्या निमित्ताने मी तिच्या गावात उतरले. घर विकलेलं होतं. एका आजींनी एवढंच सांगितलं, “तिला खान्देशात दिली.” सासरचं आडनाव त्यांना आठवत नव्हतं. पुरुषाचा पत्ता गावात विचारून लागतो. आमच्या पिढीतल्या बाईचा लागत नाही, कारण शोधायचं ते नावच तिच्याकडे उरलेलं नसतं.

गेल्या वर्षी माहेरी धाडला गेले होते. ओळखीच्या एका उर्दू शिक्षकांसमोर मी कागदावर ती उंच रेघ, ती होडी, ते ठिपके, ती शेपटी काढली आणि काय लिहिलंय ते विचारलं. त्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. मग अगदी हळू म्हणाले, “आजी, पहिलं अक्षर बरोबर आहे. पुढे नुसत्या रेघा आहेत.” तिलाही तेवढंच येत होतं. मी त्यांना तिचं नाव सांगितलं आणि म्हटलं, हे लिहून द्या. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. रोज सकाळी चहा झाला की मी ते उजवीकडून डावीकडे गिरवते.