‘मिनी’चे मूळ शेंदरात

नांदेड किंवा लातूरच्या बातमीत ‘मिनी मंत्रालय’ असा उल्लेख आला, की ती जिल्हा परिषदेविषयी आहे हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. मिनी बस, मिनी ट्रक, सराफाकडचे मिनी गंठण, अशी या शब्दाची ये-जा सर्वत्र चालू असते. ‘मिनी’ म्हणजे लहान, आटोपशीर. हा इंग्रजीच्या अनौपचारिक वापरातला शब्द ‘मिनिएचर’ची काटछाट होऊन तयार झाला. १९५९ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची जेमतेम दहा फूट लांबीची ‘मिनी’ मोटार आली, पाठोपाठ साठच्या दशकात मिनीस्कर्ट आला आणि शब्द जगभर पसरला.

गंमत अशी, की ‘मिनिएचर’चा लहानपणाशी मुळात संबंधच नाही. लॅटिनमध्ये ‘मिनिअम’ म्हणजे शिशापासून केलेला तांबडा रंग, अर्थात आपला शेंदूर. मध्ययुगीन युरोपात हस्तलिखितांतील आद्याक्षरे या रंगाने रंगवीत. त्या कामावरून इटालियन भाषेत पोथीतील चित्रांना ‘मिनिआतुरा’ नाव पडले. ही चित्रे आकाराने लहान असत. त्यातच ‘अत्यंत लहान’ या अर्थाच्या ‘मिनिमस’ या लॅटिन शब्दाशी उच्चाराचे साम्य असल्याने रंगाचा अर्थ मागे पडून आकाराचा उरला. नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या रेणुकेचा शेंदूरचर्चित तांदळा आणि गावच्या रस्त्यावरची मिनी बस यांच्यात असे दूरचे नाते निघते.

मराठीत मात्र या शब्दाचे वजन ठिकाणानुसार बदलते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. लातूरची त्यानंतरची, कारण तो जिल्हाच १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून (आताचे धाराशिव) वेगळा झाला. जिल्हा परिषदेच्या मागे लागलेला ‘मिनी’ मान वाढवणारा आहे. मिनी अंगणवाडीच्या बाबतीत नेमके उलटे घडले. लहान वस्त्यांसाठीच्या या केंद्रात एकच सेविका असे. मदतनीस नसल्याने तिची कामेही सेविकेकडेच येत. तरीही ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र सरकारने ठरवलेले मासिक मानधन पूर्ण अंगणवाडीच्या सेविकेस ४,५०० रुपये, तर मिनी अंगणवाडीच्या सेविकेस ३,५०० रुपये होते. काम काही मिनी नव्हते. २०२३ मध्ये अशा केंद्रांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा देण्याचे केंद्राने ठरवले.