सव्वाचारशे किलोमीटरवरचं गुरांचं कॉलेज

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. जळगाव शहर वाढत वाढत रेल्वे गेटच्या पलीकडे गेलं, पिंप्राळा महापालिकेच्या हद्दीत आलं, वावरांच्या जागी कॉलन्या उभ्या राहिल्या. रथ मात्र अजून गावाचाच आहे. नेमके हेच दिवस बारावी सायन्स झालेल्या पोरापोरींच्या धावपळीचे असतात. नीटचा निकाल हातात, सेतू केंद्रासमोर नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यासाठी रांग, आणि घरात एकच विषय: एमबीबीएसला नंबर लागेल का? नाही लागला तर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस. या उतरंडीत बरंच खाली, अर्ज भरता भरता कुणीतरी सुचवलं म्हणून, आणखी एक नाव येतं. बी.व्ही.एस्सी. म्हणजे गुरांचा डॉक्टर.

ज्या मुलखाचा संसार बैलांच्या खांद्यावर उभा राहिला, तिथं हे नाव यादीत इतक्या खाली का असावं? उत्तर शोधायला परळपर्यंत आणि जवळजवळ दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

खान्देशात ‘ढोर’ हा शब्द शिवी म्हणून नंतर आला. आधी तो घरच्या दौलतीचा शब्द होता. तापीकाठची खिल्लारं, सातपुड्याच्या पायथ्याची तांबडी-पांढरी निमाडी जनावरं, दत्तजयंतीला सारंगखेड्याला भरणारा घोड्यांचा बाजार, अशी या भागाची ओळख. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंच्या गाण्यांत पोळा ‘पोया’ होऊन येतो आणि बैल घरचा माणूस होऊन. एवढी माया असूनही जनावर आजारी पडलं की उपाय मोजकेच असत. तापलेल्या लोखंडाचा डाग द्यायचा, बांबूच्या नळीतून काढा पाजायचा, जाणत्या माणसाला बोलवायचं. गोऱ्ह्याचा बैल करायचा तर त्याला पाडून, पाय बांधून, दगडाने किंवा लाकडाने ठेचत. याला ‘बैल बडवणं’ म्हणत. पुढे बर्डिझोचा चिमटा आला आणि कातडीला जखम न करता काही सेकंदांत हेच काम होऊ लागलं. जनावराच्या यातना किती कमी झाल्या हे ज्यांनी दोन्ही रीती पाहिल्या त्यांनाच ठाऊक.

पण बुळकांडीपुढे कुणाचंच काही चालत नसे. जनावराला कडक ताप भरायचा, डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग दुर्गंधी हगवण, आणि आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा. एका गावातून दुसऱ्या गावात ही साथ बाजारच्या वाटेने जाई. पेरणीच्या तोंडावर ती आली तर शेत पडीक राहत असे आणि घर सावकाराच्या दारात उभं राहत असे. जगातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय याच रोगाच्या धास्तीतून निघालं. फ्रान्समधल्या लिओं शहरात क्लोद बुर्जेला यांनी १७६२ मध्ये ते सुरू केलं. लंडनचं विद्यालय १७९१ चं. तिथं भर होता घोड्यावर. इंग्रजांनी हिंदुस्थानात आणली ती ही लंडनची परंपरा. लष्कराला घोडे, खेचरं, उंट धडधाकट हवे होते, त्यामुळे इथली सुरुवात तोफखान्याच्या तबेल्यातून झाली. कुणब्याच्या गोठ्याकडे लक्ष बऱ्याच उशिरा गेलं. १८७१ मध्ये गुरांच्या साथींबद्दल सरकारी आयोगाचा अहवाल आला तेव्हा कुठे या नुकसानीची नोंद कागदावर झाली.

मुंबईत मात्र वाट वेगळी निघाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने परळला जनावरांचं इस्पितळ बांधायला पैसा दिला, ते बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. त्याच्याच आधाराने २ ऑगस्ट १८८६ रोजी बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. लाहोरचं कॉलेज १८८२ चं. कलकत्ता आणि मद्रास मागाहून आली. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील लष्करी पशुवैद्य होते. पण केवळ लष्करी नव्हते: हिंदुस्थानात पशुवैद्यकाचं नियतकालिक चालवणारे, खेचरांच्या रक्तातले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळणारे अभ्यासू गृहस्थ. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं. पाच वर्षंच मिळाली, पण कॉलेजची घडी बसली.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा. उत्तीर्ण होणाऱ्याच्या नावापुढे लागायचं ‘जी.बी.व्ही.सी.’, म्हणजे बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजचा पदवीधर. शब्द पदवीधर असला तरी ती पदविकाच होती. याच मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून माणसांचे डॉक्टर घडवत होतं, त्यांच्या मागे विद्यापीठाचं वजन उभं राहिलं. गुरांच्या डॉक्टरला विद्यापीठाची पदवी मिळायला स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ उजाडावा लागला. यादीतली ती खालची जागा अशी ठरत गेली. जनावराचं दुखणं ओळखणं सोपं असतं म्हणून ती ठरली असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा अडलेल्या गाईच्या मागे रात्रभर उभं राहून पाहावं.

खान्देशातल्या मुलासाठी आणखी एक अडचण होती, अंतराची. जी.आय.पी. रेल्वे १८६० च्या दशकात इथून गेली आणि जळगाव अशा ठिकाणी आलं की रेल्वेने मुंबई सव्वाचारशे किलोमीटर आणि नागपूरही जवळपास तेवढंच. शंभर वर्षांपूर्वी पूर्व खान्देशातल्या मॅट्रिक झालेल्या मुलाला गुरांचा डॉक्टर व्हायचं तर परळला जाऊन राहण्यावाचून इलाज नव्हता. घरी बाप म्हणणार, वकील हो, मामलेदार कचेरीत चिकट; ढोरांसाठी मुंबईला कशाला जातोस? जे गेले ते परत आले सरकारी नोकर म्हणून. मुंबई इलाख्यात या खात्याची सुरुवात १८९२ ची. एकेका डॉक्टरकडे तालुकेच्या तालुके, वाहन म्हणजे घोडा नाहीतर बैलगाडी, आणि गावकऱ्यांच्या मनात शंका की सरकारी माणूस टोचायला आलाय की मोजायला. १८९९-१९०० च्या दुष्काळात खान्देशातली जनावरं चाऱ्यापाण्यावाचून मेली, तेव्हा या मोजक्या माणसांच्या हातात करण्यासारखं फार थोडं होतं.

त्यांच्या हातात खरं हत्यार आलं ते १९२० च्या दशकात. केंद्र सरकारची जंतुशास्त्र प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू होऊन पुढे कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलली होती. तिथं जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळीतून पुन्हा पुन्हा पार करत सौम्य केला आणि त्याची लस झाली. १९५४ मध्ये देशव्यापी बुळकांडी निर्मूलनाची मोहीम निघाली. गावाच्या वेशीवर गुरं गोळा करायची, दोघांनी शिंगं धरायची, डॉक्टरने टोचायचं, पुढचं जनावर. दिवसभर हेच काम, वर्षानुवर्षं. भारतात या रोगाची शेवटची साथ १९९५ ची; २०११ मध्ये तो जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपूर्ण नाहीसा केलेला हा दुसरा रोग. त्याचं श्रेय ज्या हजारो गुरांच्या डॉक्टरांचं आणि त्यांच्या सहायकांचं, त्यांची नावं शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

मोहिमेला माणसं हवी होती, माणसांसाठी कॉलेजं. नागपूरला १९५८ मध्ये, परभणीला १९७२ मध्ये, मग १९८० च्या दशकात उदगीर आणि शिरवळ. २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि सगळी त्याच्या छत्राखाली आली. गेल्या शतकातली ही पाच नावं नकाशावर मांडली की पोकळी दिसते: कोकण, विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, खान्देशात एकही नाही. धुळ्याला कृषी महाविद्यालय आलं, माणसांचं वैद्यकीय महाविद्यालय आलं, २०१८ मध्ये जळगावलाही आलं. गुरांच्या डॉक्टरकीसाठी मात्र इथल्या पोरांनी गाडीच धरली.

दरम्यान गावात डॉक्टर दिसू लागला होता. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या आणि जनावरांचे दवाखाने त्यांच्याकडे आले; श्रेणी १ मध्ये पदवीधर डॉक्टर, श्रेणी २ मध्ये पशुधन पर्यवेक्षक. दवाखान्याची खूण म्हणजे अंगणातला खोडा, लोखंडी पाइपांची ती चौकट. म्हैस आत शिरायला तयार नसते; मालक पुढून दावं ओढतो, पोरगा मागून शेपटी पिरगळतो, आडवा दांडा सरकतो. डॉक्टर खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा हातमोजा चढवतात, साबणाचं पाणी घेतात, हात आत जातो, आणि ते डोळे मिटतात. गर्भाशय बोटांना शोधायचं असतं, तिथं डोळ्यांचं काम नाही. मालक त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. ‘तीन महिन्यांची गाभण आहे’, एवढं वाक्य ऐकायला तो दोन कोस चालत आलेला असतो. बारावीत शिकणाऱ्या कुणालाही हे करिअर म्हणून तपासायचं असेल तर माहितीपत्रकाआधी या खोड्याजवळ एक सकाळ काढावी.

प्रवेशाची दारंही बदलत गेली. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ चा. त्यानंतर देशभर अभ्यासक्रम एकसारखा झाला. आज तो साडेपाच वर्षांचा आहे, शेवटचं एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. निवड आधी बारावीच्या गुणांवर, मग राज्याच्या सीईटीवर आणि आता नीटवर होते. राज्यातल्या जागांसाठी विद्यापीठाकडे अर्ज करायचा. १५ टक्के जागा देशपातळीवर परिषद भरते, तिचा अर्ज वेगळा. हे दोन अर्ज वेगळे आहेत हे उशिरा कळल्यामुळे संधी गेली असं होऊ नये, एवढी काळजी शाळा-कॉलेजांनी घ्यायलाच हवी.

मुलींसाठी तर हे दार फार उशिरा उघडलं. इंग्लंडमध्ये एलिन कस्ट यांना अधिकृत नोंदणी मिळाली १९२२ मध्ये, शिक्षण संपून वीसहून अधिक वर्षं उलटल्यावर. भारतात सक्कुबाई रामचंद्रन १९५२ मध्ये मद्रासच्या कॉलेजातून पशुवैद्य झाल्या. आता या वर्गांत मुलींची संख्या डोळ्यांत भरते. गोठ्यातलं शेण-दूध-वासरू बायकांनीच पिढ्यान् पिढ्या सांभाळलं, हे ध्यानात घेतलं तर यात नवल फक्त उशिराचंच.

ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला गुरांच्या अंगावर गाठी दिसल्या. लम्पीची त्या वर्षीची राज्यातली सुरुवात तिथून झाली. पिंप्राळ्याहून तास-दीड तासाच्या वाटेवर. जनावरांचे बाजार बंद झाले, त्या वर्षीचा पोळा बहुतेक घरांनी दारातल्या दारात केला, आणि पुन्हा लस आली ती शेळीच्या देवीची, शंभर वर्षांपूर्वीसारखी शेळीच मदतीला धावली. दवाखान्यातले डॉक्टर कमी पडले तेव्हा राज्यभर शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी लस टोचायला उतरले. परळच्या, परभणीच्या, उदगीरच्या त्या पोरापोरींपैकी प्रत्येकाने काही वर्षांपूर्वी कधीतरी, निकालानंतरच्या गडबडीत, त्या उतरंडीतल्या खालच्या नावापुढे खूण केलेली होती.